बुधवारची अठ्ठेचाळीस मिनिटं



परवा स्थानकातून बाहेर पडताना एका ताईंनी थांबवून विचारलं, "तुमचा तो बुधवारचा ग्रुप अजून चालू आहे? आमचा तर महिन्यातच बंद पडला." चालू आहे, तिसरं वर्ष आहे. पण आमचाही पहिला ग्रुप महिन्यातच बंद पडला होता, आणि दुसरा माझ्या तोंडामुळे मोडता मोडता वाचला. म्हणून आज जसं घडलं तसं लिहिते.

पर्युषणाच्या आठ दिवसांत सगळ्यांनाच उत्साह असतो. त्या वर्षी संवत्सरी झाल्यावर आम्ही तेवीस जणींनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. प्रत्येकीने एक संकल्प लिहायचा आणि बाकीच्यांनी तिला साथ द्यायची. कुणी लिहिलं "वजन कमी करणार", कुणी "रागावर ताबा". मी लिहिलं "तब्येतीकडे लक्ष देणार". पंधरा दिवसांत तिथे सुप्रभातची फुलं आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. संकल्पाचं कुणी कुणाला विचारेना. विचारलं तर स्वतःचंही सांगावं लागलं असतं ना!

दिवाळीनंतर आम्ही पाच जणींनी पुन्हा सुरुवात केली, माझ्या डायनिंग टेबलावर. आमच्यातल्या एकीने बरीच वर्षं बचत गट चालवलाय. ती म्हणाली, "गटाची पंचसूत्री असते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. आपल्यात पैशांचा व्यवहार नाही, पण बैठक आणि हिशेब एवढं तरी घ्या." म्हणून वार ठरला बुधवार, वेळ दुपारी ३. सामायिकाची सवय असल्याने अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसणं आम्हाला जड नव्हतं. प्रत्येकीला नऊ मिनिटं, म्हणजे पंचेचाळीस झाली. उरलेल्या तीन मिनिटांत पुढच्या आठवड्याचं वहीत लिहायचं. पाचाच्या वर माणसं का नकोत, ते या गणितातच आलं.

संकल्प कसा लिहायचा हे आपल्याला वेगळं शिकायची गरजच नाही. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. काय आणि किती वेळ, सगळं स्पष्ट. "जमेल तेवढं कमी खाईन" असं पच्चक्खाण कुणी घेत नाही. म्हणून माझं "तब्येतीकडे लक्ष" खोडून लिहिलं, "सोमवार ते शनिवार, संध्याकाळच्या जेवणानंतर ३० मिनिटं चालणं." आमच्यातली सगळ्यात लहान, तिचं लग्नामुळे बी.कॉम. अर्धवट राहिलं होतं. तिने मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि लिहिलं, "रोज दुपारी २ ते ३ अभ्यास. बुधवारी सुट्टी."

पहिली चूक खाण्याची झाली. पहिल्या बुधवारी खाकरे, दुसऱ्या बुधवारी ढोकळा, चौथ्या बुधवारी टेबलावर चार पदार्थ, आणि बोलणं सगळं कृतीचं. तेव्हापासून फक्त पाणी.

दुसरी चूक माझी. माघात त्या धाकटीने सलग तीन बुधवारी सांगितलं, "अभ्यास झाला नाही." तिसऱ्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "वेळ काढला की मिळतो गं. आम्ही नाही का काढत?" ती वहीकडे बघत बसली. पुढच्या बुधवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

त्याच सुमारास माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ होती, ती ६.४ झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "चालता ना?" तिथे मला "हो" म्हणता येईना. खरं सांगायचं तर पौषापासून मी आठवड्यातून दोनदाच चालत होते, आणि बुधवारी वहीत ६ पैकी ६ लिहीत होते. ग्रुप माझ्या घरी, वही माझ्या हातात. मोठेपण माझ्याकडे, मग "नाही झालं" म्हणायचं कसं? तिने तीन वेळा खरं सांगितलं, आणि तिला ऐकवणारी मी खोटं लिहीत होते.

संवत्सरीला मी दोनशे जणांना एका बोटाने "मिच्छामि दुक्कडम्" पाठवलं होतं. एका घराची बेल वाजवून ते म्हणायला मात्र मला चार दिवस लागले. दार तिनेच उघडलं. आत सासरे पलंगावर होते, त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन महिना झाला होता. रात्री उठायची पाळी तिची, म्हणून दुपारी २ वाजता पुस्तक उघडलं की डोळा लागायचा. मी तिला वहीचं सगळं सांगितलं. ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काकी, तुम्ही कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही उत्तरच दिलंत."

पुढच्या बुधवारी मी चौघींसमोर तेच सांगितलं आणि जुन्या आकड्यांवर काट मारली. त्या दिवसापासून तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. नऊ मिनिटं जिची आहेत तिची. एखादीला जमलं तर मनापासून अनुमोदना करायची, आपली तुलना काढायची नाही.

दुसरी, वही दर महिन्याला दुसरीच्या हातात, आणि घरही आळीपाळीने.

तिसरी, संकल्पाबरोबर आगार लिहायचे. नवकारसीच्या पच्चक्खाणातही अनाभोग आणि सहसागार असे दोन आगार आहेत. विसरून किंवा अचानक काही घडलं तर व्रत मोडलं असं होत नाही. आपल्या आचार्यांना माणूस ठाऊक होता. घरात आजारपण असेल तर तिचा तास पंधरा मिनिटांचा होईल, हे आधीच लिहिलेलं असलं की तिला मान खाली घालावी लागत नाही.

तिचे अजून दोन पेपर राहिलेत. सासरे आता काठी घेऊन हॉलपर्यंत येतात. माझी साखर ५.९ आहे. गेल्या बुधवारी वहीत माझ्यापुढे ६ पैकी ४ आहेत, आणि ते तिच्या अक्षरात आहेत.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं, पुन्हा सुरू करा, पण पाचच जणी घ्या. आणि पहिल्या बुधवारी सगळ्यात मोठीने आधी सांगायचं, काय जमलं नाही ते.