नवाने भाग जातो

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला घरात मान असतो, पण तो फक्त बेरजेपुरता. वाण्याचं बिल, दुधाचे खाडे, गॅसच्या अनुदानाचे राहिलेले पैसे इथे त्याचा शब्द अखेरचा. बेरजेच्या हद्दीबाहेर मात्र त्याला कोणी विचारत नाही. आमच्या घरी मोबाइल, संगणक आणि तत्संबंधी सर्व व्यवहार चिरंजीवांच्या खात्यात मोडतात. ते तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि मी बी.कॉम., सेकंड क्लास. त्यामुळे "आजीसाठी ॲप करतोय" असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "खर्च किती?" खर्च शून्य होता. मी तत्काळ मंजुरी दिली. शून्याकडे इतक्या हलगर्जीपणे बघायला नको होतं.

ॲपचं कारण असं. आमच्या आईची भिशी आहे. बारा बायका, दरमहा प्रत्येकी हजार रुपये, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. चिठ्ठी काढायला शेजारचं एखादं शेंबडं पोर आणि हिशेबाला आई. अठरा वर्षं हा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वह्यांत चालला आणि त्यात एकही खाडाखोड नाही. हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, बँकेतला माणूस म्हणून सांगतो. पण अलीकडे डोळ्यांनी कुरबुर सुरू केली. एकाचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याची तारीख मिळायची होती. वहीतले आकडे रेघ सोडून खाली उतरू लागले. तेव्हा भिशीतल्या एकदोघींनी, "काकू, आता तुम्ही आराम करा, हिशेब आम्ही बघू," असं फार गोड आवाजात म्हणून पाहिलं. आई त्या रात्री जेवली नाही. भूक नाही म्हणाली.

म्हणून ॲप. मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि ते तिने आधीच करून घेतलेलं होतं. तिच्या फोनवर एक निरोप वाचायला तीनदा पडदा सरकवावा लागे, पण चष्मा न शोधता वाचता येई.

फ्लटर नावाचं गूगलचं साहित्य वापरून चिरंजीवांनी काम सुरू केलं. ओळी लिहायच्या, बटण दाबायचं, मग यंत्र त्या ओळींचं ॲप बांधतं. याला 'बिल्ड' म्हणतात. पंधरा दिवस बिल्ड होत होतं. मग ते काही दिवस परीक्षेच्या मागे लागले. भिशी होती नोव्हेंबर २०२४ मधल्या एका रविवारी, आणि शनिवारी रात्री बिल्ड होईना.

"ग्रेडल अडकलंय रे, तासभर झाला, हलत नाहीये!" चिरंजीव फोनवर मित्राला सांगत होते. सौ. स्वयंपाकघरात होत्या. त्यांना 'क्रेडल' ऐकू आलं. हातातला झारा तसाच घेऊन त्या बाहेर आल्या आणि थरथरत्या आवाजात विचारत्या झाल्या, "कोणाचा पाळणा?"

त्यांची समजूत घालण्यात पंधरा मिनिटं गेली. ग्रेडल हा या बांधकामावरचा मुकादम. कुठलं सामान कुठून आणायचं, आधी काय जोडायचं, नंतर काय, हे सगळं तो बघतो. तो बसला की काम बसलं.

मग उपचार सुरू झाले. प्रथम डॉक्टर. मी रचून सांगत नाही, 'फ्लटर डॉक्टर' या नावाची आज्ञाच आहे. ती दिली की यंत्र स्वतःची तब्येत तपासून हिरव्या खुणा करतं. सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. डॉक्टर म्हणतो प्रकृती उत्तम आणि रोगी काही उठून बसत नाही. हा अनुभव मला नवा नव्हता. मग मित्रांचे सल्ले. सगळ्यांचा सल्ला एकच, 'फ्लटर क्लीन', म्हणजे अर्धवट बांधलेलं सगळं पाडून पुन्हा बांध. चार वेळा पाडलं, चार वेळा पायापासून सुरुवात झाली आणि चारही वेळा मुकादम त्याच जागी बसला. शेवटी चिरंजीव म्हणाले, "आता कॅश इनव्हॅलिडेट करून बघतो."

मी खुर्चीतून उडालो. १० नोव्हेंबर २०१६ रोजी सकाळी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस आहे मी. बाहेरची रांग जिन्यावरून रस्त्यावर गेली होती. कॅश इनव्हॅलिड हे शब्द एका वाक्यात ऐकले की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. ही कॅश वेगळी, यंत्राने हाताशी ठेवलेला जुना माल, असं मला समजावण्यात आणखी दहा मिनिटं गेली. त्या कॅशलाही रद्द करून काही झालं नाही. (हे मी २०१६ बद्दल म्हणत नाही.)

रात्री बारा वाजता मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. पडद्यावर लाल अक्षरांच्या शंभर-दीडशे ओळी होत्या. चिरंजीव पुन्हा पुन्हा शेवटची ओळ वाचत होते. ती म्हणत होती, बिल्ड फेल्ड. ते तर आम्हाला माहीतच होतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत कोअर बँकिंग यायचं होतं. संध्याकाळी डे-बुक जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. आमचे तेव्हाचे अकाउंटंट पान खात सांगायचे, "अरे, बेरजेकडे काय बघतोस? बेरीज कधी चूक करत नाही. एन्ट्री बघ." तसा मी वरून एकेक ओळ बोटाने बघत आलो. इंग्रजी कळत होतं, अर्थ कळत नव्हता. मधेच एका ओळीत आकडा दिसला आणि मला बरं वाटलं. 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५.'

"हे पासष्ट कसलं?"

"जावाचं असणार."

"जावाच्या पासष्ट आवृत्त्या निघाल्या?"

"नाही हो बाबा. त्यांचा आतला नंबर वेगळा असतो." त्यांनी एक तक्ता उघडला. जावा ८ चा आतला आकडा ५२. जावा ११ चा ५५. जावा १७ चा ६१.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

"काय चव्वेचाळीस?"

"सगळीकडे चव्वेचाळीसचा फरक आहे. पासष्टातून चव्वेचाळीस गेले, एकवीस. तुझ्या यंत्रात जावा २१ कुठून आलं?"

चिरंजीव गप्प झाले. मग आठवलं. ऑक्टोबरात अँड्रॉइड स्टुडिओची 'लेडीबग' नावाची नवी आवृत्ती आली होती. परीक्षेच्या आधी ती त्यांनी सहज भरून घेतली. तिच्या पदराआडून जावा २१ घरात शिरलं होतं. ग्रेडल मात्र एका सीनियरच्या प्रकल्पातून उचललेला, ७.५ क्रमांकाचा. आणि ८.५ च्या आधीच्या ग्रेडलला जावा २१ वर चालताच येत नाही. म्हणजे साहेब नवा आला आणि मुकादम जुना राहिला. मुकादम बिचारा मघापासून दीडशे ओळींतून तेच ओरडून सांगत होता, फक्त साहेबाचं नाव घ्यायच्या ऐवजी त्याचा एम्प्लॉयी नंबर सांगत होता. उपाय दोन. मुकादम बदला किंवा साहेब. मुकादम बदलला तर त्याच्याबरोबर आणखी चार माणसं बदलावी लागतात म्हणे. म्हणून जावा १७ शेजारी आणून बसवलं, फ्लटरला त्याच्याकडे बोट दाखवलं आणि दीड वाजता बिल्ड झालं.

"बाबा, तुम्हाला हे कसं जमलं?" इतक्या आदराने त्यांनी मला दहावीनंतर पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"वजाबाकी," मी म्हणालो आणि झोपायला गेलो.

रविवारी भिशी आमच्याकडे. साबुदाण्याचे वडे झाले, चिठ्ठी निघाली. आईने नव्या ऐटीत फोन उचलला, चिठ्ठीवरच्या नावाला टिचकी मारली आणि मोठ्यांदा रक्कम वाचली, "बाराशे."

हशा पिकला. "अहो काकू, बारा हजार!"

आईने पुन्हा बघितलं. मनातलं वाचायचं नाही, लिहिलंय ते वाचायचं, ही तिची अठरा वर्षांची शिस्त. ती म्हणाली, "इथे बाराशेच आहे." चिरंजीवांनी घाईने आपला फोन पुढे केला. त्यावर ठळक १२,०००. मग सगळ्यांनी आईकडे बघितलं. कोणी वाईट बोललं नाही. एकीने फक्त तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "होतं असं वयाने." आईने फोन पालथा ठेवला आणि नोटा मोजून दिल्या. पुन्हा मोजायला लागल्या नाहीत. पण सगळ्या गेल्यावर मला म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून वही त्यांच्याकडे देऊन टाक. मला आता दिसत नाही."

रात्री मी तिचा फोन घेऊन बसलो. तिला दिसत होतं. पडद्यावर १२,०० असंच होतं. स्वल्पविरामापुढे दोन शून्यं! अशी रक्कम मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. पाहिली असती तर चेक परत केला असता. मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. बारा हजार वजा बाराशे, फरक १०,८००. पान खाणाऱ्या अकाउंटंटांचा दुसरा धडा असा होता, की फरक आला की त्याला आधी नवाने भाग द्यावा. भाग गेला तर बहुतेक दोन आकड्यांची अदलाबदल तरी झालीय, नाहीतर एखादं शून्य घसरलंय. १०,८०० ला नवाने भाग जातो. बरोबर बाराशे वेळा.

"शून्य सांडलंय," मी चिरंजीवांना सांगितलं.

"कुठे?"

"ते तुझं खातं."

त्यांच्या फोनवर सगळं ठीक, संगणकातल्या खोट्या फोनवर ठीक. रोग फक्त आईच्या फोनला. तो तपासायचा तर केबलने जोडायला हवा, आणि जोडण्यापूर्वी त्याच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' असतो त्यावर सात वेळा टिचकी मारावी लागते. फोन आईचा, म्हणून टिचक्या तिनेच मारल्या, मोठ्याने मोजत. सातवी पडली आणि पडद्यावर मजकूर उमटला, की तुम्ही आता डेव्हलपर झाला आहात.

"म्हणजे काय रे?" तिने नातवाला विचारलं. त्याने सांगितलं. "तुला चार वर्षं लागतायत ना?" आई म्हणाली.

केबल लावून ॲप चालू केलं आणि उजव्या कडेला काळेपिवळे तिरके पट्टे उमटले. आई म्हणाली, "हा रस्ता कोणी खणलाय?" पट्ट्यांवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, उजवीकडे २३ पिक्सेल बाहेर. एका ओळीत डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम. आईचं अक्षर मोठं, भिशीवालीचं आडनाव लांब, त्यामागे 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव. नावाने पाय पसरत पसरत रकमेला पडद्याबाहेर ढकललं आणि शेवटचं शून्य कडेवरून खाली पडलं. हे पट्टे फक्त ॲप तपासायला चालवताना दिसतात. लोकांना द्यायच्या पक्क्या ॲपमध्ये ते उमटत नाहीत, शून्य मात्र पडतंच. कारागिराला धोक्याचा फलक आणि गिऱ्हाइकाला नुसता खड्डा, ही पद्धत कोणी ठरवली कोण जाणे.

चिरंजीवांनी दोन मिनिटांत पट्टे घालवले. "झालं. बघ आजी."

"काय बघू?" आईने विचारलं.

त्यांनी फोनचं मोठं अक्षर या ॲपपुरतं बंद करून टाकलं होतं. अक्षरं मुंगीएवढी. पट्टे गेले, शून्य आलं, वाचणारी व्यक्ती गेली. मला हा उपाय ओळखीचा होता. फरक सापडला नाही की तो सस्पेन्स खात्यात टाकायचा, ताळेबंद झकास जुळतो. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "ॲप कोणासाठी केलंस? पट्ट्यांसाठी?" चिरंजीवांना राग आला. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

मग त्यांनी मुकाट्याने ती ओळ पुसली आणि नावाला 'एक्सपांडेड' नावाच्या चौकटीत बसवलं. हे नाव फसवं आहे. पसरलेला असा अर्थ असला, तरी काम असं, की उरलेल्या जागेत मावून घ्यायचं, नाही मावलं तर दुसऱ्या ओळीवर जायचं, पण रकमेला धक्का लावायचा नाही. रक्कम पूर्ण आली. नाव दोन ओळींत गेलं. पण खालच्या पट्टीची उंची त्यांनी आकड्याने ठरवून टाकली होती. तिथे मोठ्या अक्षरांचे पाय कापले गेले आणि 'चुकता' या शब्दाचा उकार खाली राहिला. आईने वाचलं, "हिशेब चकता." मीही चकलो होतो, म्हणून हसलो नाही. चिरंजीव मात्र हसले. राग गेला. उंचीचा आकडा काढला, पुन्हा बिल्ड झालं. ग्रेडल एकदाही बसला नाही.

आईने फोन हातभर लांब धरून वाचलं. "बारा हजार. हिशेब चुकता." मग म्हणाली, "म्हणजे दुपारी मी बरोबर वाचलं होतं."

"हो."

"मला दिसत होतं."

"हो."

"किती वाजले?"

"साडेदहा."

"जागी असेल," आई म्हणाली आणि 'होतं असं वयाने' म्हणणाऱ्या बाईंचा नंबर लावला.

ते बोलणं अर्धा तास चाललं. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. सात टिचक्या झाल्या, रस्त्यावरचे पट्टे झाले, नवाने भाग झाला. "दोनशे तीस पिक्सेल बाहेर गेलं होतं गं!" आई सांगत होती. होते तेवीस. फरक दोनशे सात. त्यालाही नवाने भाग जातो. मी दुरुस्त करायला गेलो नाही.