फोटोवर नाव कुणाचं?

मुलांनो, आईकडून दहा रुपयांची एक नोट मागून घ्या. (परत द्यायची आहे, बरं का!) खिडकीपाशी जा आणि नोट उजेडाकडे धरा. मोकळ्या पांढऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा दिसेल, आणि १० हा आकडाही दिसेल. नोट खाली घेतलीत की दोन्ही गायब! ते शाईनं छापलेलं नसतंच मुळी. कागद तयार होताना, तो ओला असतानाच, त्याचा लगदा कुठे जाड तर कुठे पातळ ठेवून ते चित्र उठवलेलं असतं. घरी घावन केलं की एखादं उजेडात धरून पाहा. पातळ जागेतून उजेड येतो, जाड जागा काळपट दिसते. तसंच हे. याला म्हणतात जलचिन्ह, म्हणजेच वॉटरमार्क.

इटलीतल्या फाब्रियानो गावचे कागद बनवणारे कारागीर तेराव्या शतकाच्या अखेरीस अशी चिन्हं कागदात उमटवू लागले. हा कागद कुणी केला, हे घेणाऱ्याला कळावं, एवढाच त्यांचा हेतू. नोटांवर जलचिन्ह आलं ते पुढे, खोटी नोट चटकन ओळखता यावी म्हणून.

आता हा शब्द फोटोवाल्यांनीही उचलला आहे. मोबाईलवर आलेल्या एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत नाव असतं ना? तेही वॉटरमार्कच. तिथे पाणी नाही की कागद नाही, पण काम तेच. हे कुणी केलं ते सांगायचं.

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात मुलांना सांगितलं, "आईबाबांचा मोबाईल थोडा वेळ मागा आणि आपला पावसाळा टिपून आणा." मला वाटलं होतं, पाचपन्नास फोटो येतील. आले चारशे! आंबेनळी घाटातलं धुकं, वहाळातले खेकडे, बाजारात विकायला आलेली शेवळं, टाकळ्याची भाजी निवडणाऱ्या आया, आवणीला गुडघाभर चिखलात उतरलेली अख्खी घरं, पागोळ्यांखाली धरलेली भांडी. एकानं तर छत्रीतल्या भोकातून आभाळाचा फोटो काढला होता. असा फोटो मला या जन्मात सुचला नसता.

सगळ्यांना आवडला तो सातवीतल्या एका मुलीचा फोटो. तिची आजी इरल्याखाली वाकून भात लावते आहे आणि पाठीमागून पावसाची सर धावत येते आहे. तो फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला, तिथून मामाकडे, तिथून मुंबईला आणि मग कुठे कुठे. पंधरा दिवसांनी तोच फोटो फिरत फिरत आमच्याकडे परत आला. आजीच्या इरल्यावर 'सुप्रभात' लिहिलेलं, खाली दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव, आणि फोटो काढणारा म्हणून कुणा भलत्याचंच नाव, तेही ठसठशीत लाल अक्षरांत! मुलगी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाई, आजी आमची आणि गाव दुसऱ्याचं कसं?"

दुसरी गोष्ट याहून गंभीर. २२ जुलै २०२१ ला महाडला महापूर आला, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्यात ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या भागात ज्याच्या घरी त्या दिवसाची आठवण नाही असं घर सापडणार नाही. त्या वेळचे फोटो अजून फिरतात. जोराचा पाऊस लागला की कुणीतरी पाण्यात बुडालेल्या बाजारपेठेचा फोटो पाठवतो आणि वर लिहितो, 'आत्ताचं महाड'. गेल्या जुलैतही असंच झालं. मुंबईला कामाला असलेल्या एका पालकांनी तो पाहिला. त्यांची बहीण महाडला, तिचा फोन लागेना. बिचारे दोन तास डेपोत एसटीची वाट पाहत उभे होते. फोटो जुना आहे हे ओळखलं ते पाचवीतल्या मुलानं. त्यात दिसणाऱ्या एका दुकानाची पाटी आता तिथे नाही, हे त्याला ठाऊक होतं. फोटोवर तारीख असती तर त्या माणसाचे दोन तास असे जाते का, तुम्हीच सांगा.

तेव्हा आमचं ठरलं. प्रत्येक फोटोवर तीन गोष्टी हव्यात : कुणी काढला, कुठे काढला आणि कधी काढला.

पण फोटो चारशे! एकेक उघडून नाव लिहायला मिनिट धरलं तरी चारशे मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. अशा वेळी काम घाऊक करायचं असतं. फोटो नीटनेटके करण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. एकदा संगणकाला पाठ द्यायचा, की तो सगळ्या फोटोंवर तोच धडा गिरवतो. फोटोशॉपमध्ये आहे, पण ते विकत घ्यावं लागतं. आम्ही वापरलं इरफानव्ह्यू. बोस्नियात जन्मलेल्या इरफान स्किल्यान नावाच्या तरुणानं १९९६ मध्ये ते तयार केलं. शाळांना आणि घरगुती वापराला ते फुकट आहे. गंमत पाहा, या माणसानं स्वतःचं नाव थेट सॉफ्टवेअरलाच देऊन टाकलं!

रीत सोपी आहे. इरफानव्ह्यू उघडून इंग्रजी 'बी'चं बटण दाबलं की घाऊक कामाची खिडकी उघडते. तिथे सगळे फोटो निवडायचे आणि तयार फोटो कुठे ठेवायचे ते सांगायचं. ही जागा नेहमी वेगळी हवी, म्हणजे मूळ फोटोंना धक्का लागत नाही. मग जादा पर्यायांची यादी उघडून 'फोटोवर मजकूर' या अर्थाच्या चौकोनात खूण करायची आणि मजकूर लिहायचा. सुरुवातीला फक्त तीनच फोटोंवर करून बघायचं. भाताचं शीत चेपून पाहतो ना आपण, तसं.

आता खरी मेख. मजकूर एकच दिला तर चारशे फोटोंवर एकच नाव येईल. आमचे फोटो तर साठ मुलांचे. इथे मुलांनी डोकं चालवलं. प्रत्येक फाइलला आधी फोटो काढणाऱ्याचं आणि जागेचं नाव दिलं, रोमन लिपीत. मग मजकुराच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि मोठा इंग्रजी 'एन' एवढंच लिहिलं. याचा अर्थ, 'या फाइलचं जे नाव असेल ते इथे लिही.' बटण दाबलं आणि ज्याच्या त्याच्या फोटोवर ज्याचं त्याचं नाव उमटत गेलं. फाइलींना नावं द्यायला चार दिवस लागले. नावं उमटायला? चहा निवायच्या आत काम झालं.

तारखेचं मात्र वेगळं. फोटो काढला की मोबाईल त्या फोटोच्या पोटात तारीख आणि वेळ गुपचूप लिहून ठेवतो. सॉफ्टवेअरला ती वाचता येते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती वाटेतच गळून पडते. त्यामुळे जे फोटो मोबाईलमधून थेट संगणकावर घेतले त्यांच्या तारखा मिळाल्या. बाकीच्यांच्या तारखा मुलांनी आठवून आठवून सांगितल्या : "बाई, हा नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा," "ज्या दिवशी आमची गाय व्याली त्या दिवशीचा."

आणखी एक भानगड होती. काही फोटो भले मोठे, काही लहान. एकाच मापाची अक्षरं मोठ्या फोटोवर मुंगीएवढी दिसत, तर लहानावर म्हशीएवढी. म्हणून आधी सगळ्या फोटोंचा आकार सारखा करून घेतला. रंगाचंही तसंच. पांढरी अक्षरं घाटातल्या धुक्यात हरवली, काळी अक्षरं ओल्या कातळावर. शेवटी पांढऱ्या अक्षरांमागे काळपट पट्टी ठेवली, ती कुठेही वाचता येते.

पण नाव कुठे लिहायचं, यावर वर्गात जे भांडण जुंपलं ते ऐकण्यासारखं होतं. कडेला लिहिलं तर कुणीही कापून टाकील. मधोमध लिहिलं तर आजीच दिसायची नाही. अर्धा वर्ग कडेचा, अर्धा मधला. डी.एड.ला असताना आम्ही तक्ते रंगवायचो, तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक टाकायची सक्ती होती. मला तेवढंच ठाऊक. मी आपली गप्प बसले.

मग एक मुलगा म्हणाला, "बाई, रायगडावर हिरोजींचं नाव पायरीवर आहे." खरंच की! रायगड आमच्या शेजारचा, महाड तालुक्यातला. गडाचं बांधकाम केलं हिरोजी इंदुलकरांनी. जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीच्या दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, सेवेला तत्पर असलेला हिरोजी, अशा अर्थाच्या शब्दांत. १६७४ मध्ये महाराजांचा राज्याभिषेक झाला तो याच गडावर. एवढा गड बांधला, पण नाव दरवाजावर नाही, शिखरावर नाही, पायरीवर! पाहायला आलेल्याची नजर अडत नाही, आणि तो दगड काढायचा तर पायरीच मोडावी लागेल.

मुलांनी हाच नियम फोटोंना लावला. नाव खाली, पण अगदी कडेला नाही. थोडं आत, चित्रातल्या एखाद्या वस्तूला चिकटून. चारशे फोटोंना ते जमलं नाही, त्यांना खालचा कोपराच मिळाला. भिंतीवर लावायच्या वीस फोटोंवर मात्र एकेक करून नाव बसवलं. आजीच्या फोटोत ते तिच्या पायांजवळच्या चिखलावर आलं. कापायचं तर आजीचे पाय कापावे लागतील.

नाव कुणाचं, हाही वाद झालाच. मोबाईल बाबांचा, फोटो मुलीनं काढला, फोटोत आजी. मग मालक कोण? आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तो फोटो काढणाऱ्याला फोटोचा कर्ता मानतो, मग मोबाईल कुणाचा का असेना. त्यासाठी कुठे नोंदणीही करावी लागत नाही. हे मी सांगितलं तर एका मुलीनं गांधारपाले लेण्यांचा विषय काढला. महाडजवळ महामार्गावरून दिसतात ती लेणी. आमची सहल तिथे गेली होती. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. ती म्हणाली, "पैसे देणाऱ्याचं नाव आहे. मग छिन्नी ज्यानं मारली त्याचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात मात्र ठराव झाला की ज्यानं बटण दाबलं त्याचं नाव, मोबाईलवाल्याचं नाही. एका मोठ्या भावाला हे मुळीच पटलेलं नाही. तो अजून कुरकुरतो.

पालकांसाठी दोन शब्द. आम्ही मुलांची पहिली नावंच घातली. आडनाव नाही, फोन नंबर तर नाहीच. ज्या फोटोत लहान मुलांचे चेहरे स्पष्ट आहेत ते शाळेच्या भिंतीवरच राहिले, ग्रुपवर गेले नाहीत. मोबाईलमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल तर फोटोच्या पोटात घराचा ठावठिकाणाही जाऊन बसतो. ती बंद ठेवलेली बरी. आणि हेही खरं, की आजकाल नाव पुसणारी सॉफ्टवेअरही निघाली आहेत. ज्याला चोरायचंच आहे तो चोरणार. पण फोटो पुढे पाठवणारे बहुतेक जण चोर नसतात. त्यांना फोटो कुणाचा ते ठाऊकच नसतं. नाव असलं की ते नावासकट पाठवतात. मूळ मोठा फोटो मात्र जपून ठेवा, भांडण झालंच तर तोच पुरावा.

फोटोतल्या माणसालाही विचारायला हवं होतं. म्हणून ती मुलगी आजीकडे गेली. "आजी, तुझं नाव घालू का गं फोटोवर?" आजी म्हणाली, "माझं कशाला? शेताचं घाल." आमच्याकडे प्रत्येक खाचराला नाव असतं. म्हणून त्या फोटोवर मुलीच्या नावापुढे लिहिलं आहे : जांभळीचं खाचर. या एका फोटोसाठी आम्ही देवनागरी पट्टी खास वेगळी तयार केली.

भिंतीवरचे फोटो पाहून आता पालक जुने फोटो घेऊन येऊ लागले आहेत. महाडच्या पुरातून वाचलेले, चिखलाचे डाग पडलेले, एकमेकांना चिकटलेले. आम्ही ते मोबाईलनं टिपून घेतो आणि मुलं घरोघर जाऊन विचारतात : हे कोण, हे कुठलं, कधीचं? परवा एका लग्नाचा फोटो आला. त्यातल्या अकरा जणांची नावं लागली. डावीकडून चौथी बाई कोण, ते कुणालाच सांगता येत नाही. एक म्हातारी म्हणाली, "करवली असेल." दुसरी म्हणाली, "छे, करवली इतकी मोठी कशी?" पुढच्या रविवारी पाचवीतली दोघं नवरीच्या माहेरी, बिरवाडीला जाऊन विचारणार आहेत. तोवर त्या फोटोवरच्या पट्टीत अकरा नावं आहेत आणि चौथी जागा मोकळी ठेवली आहे.