माझा आवडता प्राणी : निबंधात न आलेले मुद्दे



'माझा आवडता प्राणी' हा निबंध मी अकरा वर्षं तपासते आहे. चाळीस वह्यांपैकी तीस वह्यांत कुत्र्याचं नाव मोती असतं, तो इमानी असतो, त्याला चार पाय आणि एक शेपूट असते, आणि तो दूधभाकरी आवडीने खातो. मुलांचा दोष नाही. फळ्यावर मुद्दे मीच लिहून देते. त्या मुद्द्यांत काय राहून गेलं होतं, ते मला गेल्या वर्षी घरीच कळलं.

आमचा शेरू सात वर्षांचा, गावठी. माझं सासर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या घरी द्राक्षांचा क्रेट येतोच. मुलगा तेव्हा दुसरीत. एक मणी स्वतःला, एक शेरूला, असा त्याचा खेळ चालला होता. मी बघत होते. खरं सांगायचं तर मी फोटोही काढला.

संध्याकाळी शेरूने दोनदा उलटी केली. ऊन बाधलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही, पलंगाखाली जाऊन बसला. मुलगा त्याला ओढायला गेला तर गुरगुरला. सात वर्षांत पहिल्यांदा! सासूबाई म्हणाल्या, "पिसाळलं का काय गं हे? पोराला आधी लांब घे." शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकदा अंगावर आलेलं कुत्रं घरात ठेवू नये बाई." हे तर काठी घेऊनच उठले. आणि मी? मलाही वाटलं, लेकरापुढे कुत्र्याचं काय घेऊन बसायचं, देऊन टाकू कुणाला तरी मळ्यावर.

पोराला लांब घेणं बरोबरच होतं. वागणं अचानक बदललेल्या कुत्र्यापासून मुलांना आधी दूर ठेवायचंच. शेरूला रेबीजची लस दरवर्षी देत होतो म्हणून थोडा धीर होता. तो चावला असता तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा. चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. हे पालकांनी पाठच करून ठेवावं.

पण काठीचं चुकलंच होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून असा वागतोय? त्याआधी काय खाल्लं होतं?" द्राक्षं म्हटल्यावर त्यांनी लगेच रक्त घेतलं. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडांवर परिणाम झालेला. तीन दिवस सलाईन चाललं.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात, हे द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून मला माहीत नव्हतं! किती मण्यांनी बाधेल याचा हिशोब नाही. एखादा भरपूर खाऊनही हिंडतो, एखाद्याची थोड्यानेच मूत्रपिंडं बसतात. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि ते चिंचेतही असतं. खाल्ल्यावर तास-दोन तासांत नेलं तर डॉक्टर औषधाने उलटी करवतात. घरी मीठपाणी पाजायचं नाही, त्याने वेगळंच विष होतं. आम्ही तर पूर्ण दिवस घालवला होता. आपलं दुसरं पीक कांदा. तो कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसणाचंही तेच. मी रोज उरलेला आमटीभात प्रेमाने वाढत होते.

डॉक्टरांचं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. "गुरगुरला म्हणून मारू नका. 'मला दुखतंय, लांब राहा' एवढंच त्याला सांगता येतं. मारून ते बंद केलंत, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल."

हे शाळेत सांगितलं तेव्हा आमच्या एक सहकारी बाई गप्पच झाल्या. त्यांचा बोका कोपऱ्याकोपऱ्यात बसायचा, थेंबथेंब लघवी करायचा. घाण करतो म्हणून घरच्यांनी त्याला झाडूने हाकललं. त्याची लघवी अडकली होती. बोक्यांमध्ये हे होतं आणि एक-दोन दिवसांत जीवावर बेततं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. (मांजर दुखण्यात दिसलं म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळीही देऊ नका, एका गोळीनेही मांजर मरू शकतं.)

त्याच आठवड्यात मी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाची जागा चौथ्यांदा बदलणार होते. हाक मारली तर ऐकत नाही, शेजारच्याने हात लावला की मारतो. त्याच्या आईला बोलावलं, पण तक्रार सांगण्याऐवजी विचारलं, "कधीपासून असं करतोय?" ती म्हणाली, "कान फुटलाय ना बाई त्याचा, दिवाळीपासून." दिवाळीपासून मी त्याला उद्धट म्हणत होते.

यंदा निबंधाच्या वेळी फळ्यावर तीन मुद्दे वाढवले : तो काय खात नाही, तो घाबरतो तेव्हा काय करतो, त्याला दुखतं हे कसं कळतं. पहिल्या दिवशी वर्ग गप्प. मग एकजण म्हणाला, "बाई, आमची मनी आजारी पडली की माळ्यावर लपती." दुसरी म्हणाली, "आमचा टॉमी जेवताना आजीलाच येऊ देतो, मला नाही." त्या दिवशी चाळीस वह्यांत मोती फक्त सहा निघाले.

शेरू आता आठ वर्षांचा आहे. पाणी जास्त पितो, दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. या फेब्रुवारीत क्रेट आला तेव्हा मुलाने तो आम्हाला न विचारता फरफटत स्वयंपाकघरात नेला आणि दार लावून घेतलं. खाली सांडलेले मणी गुडघ्यावर बसून एकेक वेचले. शेरू दाराबाहेर शेपूट हलवत उभा होता.