जकातमाफीचा हिस्सा

परदेशीं मुलाकडे चार महिने राहून परतणारे वृद्ध आईबाप आतां नांदेड-लातुराकडे घरोघर आढळतात. परतीच्या वाटेवर मुंबईच्या विमानतळावर त्यांना जकातमाफीचें दुकान लागतें. असें पहिलें दुकान 1947 सालीं आयर्लंडांत शॅनन येथें निघालें. आम्हीं मुंबईचें पाहिलें तेव्हां अत्तरें व चॉकलेटें कोपऱ्यांत, आणि दर्शनी जागा सर्व मद्याची व तंबाखूची!

सीमेवरची जकात आमच्या भागास नवी नव्हे. निजामी राज्यांत बाहेरून येणाऱ्या मालावर ‘करोडगिरी’ घेत. 1802 च्या तहानें तिचा दर शेकडा 5 ठरला होता. बार्शीकडून लातुरास येणाऱ्यांचीं गांठोडीं नाक्यावर कशीं सोडवीत, हें आमचे वडील रंगवून सांगत. चुकविणाऱ्यांच्या युक्त्याहि सांगत, हें कबूल केलें पाहिजे.

आम्ही निघण्यापूर्वीं पुतण्याचा फोन आला. “काका, तुम्ही तर घेत नाहीं. तुमच्या नांवावर दोन लिटर आणि शंभर सिगारेटी येतात, त्या माझ्यासाठीं आणा. वायां कशाला घालवायच्या?”

आंकडे त्याचे बरोबर होते. 2016 च्या नियमांत तेवढेंच होतें. परंतु एका उतारूची सवलत दुसऱ्याच्या सवलतींत मिळवूं नये, असेंहि त्यांतच होतें. शिवाय महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास परवाना लागतो. हें सांगतांच तो म्हणाला, “कोण विचारतो?” न घेतलेली सवलत वायां जाते, ही समजूत तर आम्हांस विलक्षणच वाटली. एकादशीचें जेवण वायां गेलें, असें कोणी म्हणत नाहीं.

तथापि कायद्याची ढाल पुढें करून आम्हांस निसटावयाचें नव्हतें. पुतण्या गुणी आहे, एका स्वयंपाकघरांत जेवणारा आहे; त्यास नाहीं म्हणणें सोपें नव्हे. परंतु त्याचे वडील, आमचे थोरले बंधू, तंबाखूपायीं जिभेच्या कर्करोगानें गेले. शेवटचे दोन महिने ते पाटीवर लिहून बोलत. ती पाटी वहिनींनीं अजून माळ्यावर ठेविली आहे. त्याच वहिनींच्या घरांत शंभर सिगारेटी आमच्या पेटींतून उतरावयाच्या! आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें, “तुझ्या आईसमोर ती पेटी मला उघडावी लागेल.”

पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग त्यानें आमच्या विमानाची वेळ विचारली, आणि नांदेडच्या स्टेशनावर घ्यावयास तोच आला.