छत्तीस फोटो

फिल्मच्या एका रोलमध्ये फोटो निघतात छत्तीसच. ही चणचण मला आवडते. बटण दाबण्यापूर्वी माणूस नीट पाहतो. नवीन पनवेलहून खाडीकडे गेले की ओहोटीचा चिखल, तिवरे, कलंडलेली होडी यांना घाई नसते. आज हुकली तर उद्या पुन्हा ओहोटी असतेच. उलव्याच्या टेकडीचे तसे नव्हते. विमानतळासाठी ती सपाट झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटनही झाले. विमानाचे कौतुक मलाही आहेच! पण प्रकाश लागलेले चांदीचे क्षार रसायनात काळे पडतात, म्हणून माझ्या निगेटिव्हवर आकाश काळे आणि टेकडी पांढुरकी, पण उभी आहे. दिवाळीला जमलेल्या मुलांसमोर ती पट्टी उजेडात धरतो. ती विचारतात, “हा डोंगर कुठे आहे?” मी म्हणतो, “विमाने उतरतात ना, तिथे.”