नावाला नखरा, वेळेला नाही

नाटकाच्या जाहिरातीत वर नाव असतं. अक्षरकार कमल शेडगे यांच्या हातचं असेल तर नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतच उतरलेला. आणि त्याच चौकटीत तळाशी: ‘शनि. दु. 4, दीनानाथ, पार्ले’. ही ओळ कुणी नटवत नाही. नावावर प्रेक्षक खुशाल रेंगाळतो. वेळ चुकीची वाचली तर प्रयोग हुकतो.

मी तिकीटविक्रीचे स्क्रीन आखतो. ‘जरा कलात्मक करा ना,’ ही फर्माईश ठरलेली. नाटकाच्या नावाशी माझा हात मोकळा सुटतो, खुर्च्यांच्या प्लॅनवर आखडतो. तिथे कडेची खुर्ची हवी असते, कारण आईचे गुडघे. बाल्कनी नको असते, कारण जिना. भरलेली खुर्ची नुसत्या रंगाने दाखवली तर रंगांधळ्याला काय कळणार? म्हणून तिच्यावर फुली. कागदी प्लॅनवर खिडकीतले लोक हेच करत आले.

पण साधेपणा फुकट मिळतो असं मानणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पार्ल्याला लागूनच, जुहूच्या एनसीएसटी या संगणक संस्थेत (पुढे ती सी-डॅकमध्ये गेली) र. कृ. जोशी काम करत. सुलेखनकार, दृश्यकविता करणारे, जाहिरातींतून आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागातून आलेले. त्यांचा विंडोज 2000 मधला ‘मंगल’ फॉन्ट मात्र किती अबोल! तेव्हाच्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके येत. त्यातच शिरोरेघ, वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. ‘मूर्तींच्या’ एवढा एक शब्द बसवून पाहा. नखऱ्याला ठिपका उरत नाही. कुठला ठेवायचा हे ठरवायला मात्र सुलेखनकाराचाच डोळा लागतो.

मंगलच्या ओळी सैल पडतात, यादीत प्रयोग कमी मावतात. डिझायनर मंडळी कुरकुरतात, मीही. तरी रोमन लिपीच्या मापाने बेतलेल्या बटणात ‘तिकीट’ची वेलांटी छाटलेली दिसली की ती सैल ओळ परवडली असं वाटतं.

हल्ली मी ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा ‘मुक्ता’ वापरतो. त्यांचाच गुबगुबीत ‘मोदक’ बालनाट्याच्या नावाला झकास शोभतो. एका ग्राहकाला तो इतका आवडला की ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही ओळही त्यातच हवी म्हणाला. मी साफ नकार दिला. ज्याचे पैसे बुडाले, त्याला ती अक्षरं आपल्यालाच हसतायत असं वाटलं असतं.