लक्ष नाही, की ऐकू येत नाही?

कान ठणकतो म्हणून रात्रभर रडलेले मूल सकाळी माझ्याकडे पोहोचतेच. आईच्या कडेवर, डोळे सुजलेले, एक हात कानावर. पडदा लालभडक आणि फुगलेला दिसतो, निदान लगेच होते, आणि दुखणे थांबवणारे औषध पोटात गेले की दोन-तीन दिवसांत बहुतेक मुले पुन्हा हुंदडू लागतात. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच मुलांची. त्यांचा कान दुखत नाही, वाहत नाही, अंगात ताप नसतो, आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांना दाखवावे हे कोणाच्या मनातही येत नाही.

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. हा मध्यकर्ण. पडद्याची कंपने तीन इवल्याशा हाडांच्या साखळीतून आतल्या कानाकडे जातात ती इथूनच. या पोकळीत ताजी हवा पोहोचवणारी नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. शिवाय तिच्या तोंडाशीच ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असते. सर्दी झाली की नळी सुजून बंद होते आणि आतली हवा शोषली जाऊन तिथे पाणी साठते. त्यात जंतू वाढले तर पू होतो, ठणका लागतो. जंतू वाढले नाहीत तर नुसते पाणी राहते, कधी ते डिंकासारखे चिकट होते आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने तिथेच मुक्काम करते. बोलणे, भाषा, अक्षरओळख या सगळ्याचा पाया घातला जातो त्या दोन ते सहा वर्षांच्या वयातच हे सर्वांत जास्त दिसते.

या पाण्यामुळे श्रवण साधारण 25 ते 30 डेसिबलने घटते. हा आकडा ऐकून पालकांना हायसे वाटते, कारण मूल बहिरे नसते. हाक मारली तर कधी वळते, कधी नाही. मी त्यांना दोन्ही कानांत बोटे घट्ट घालायला सांगते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नेहमीच्या आवाजात चार वाक्ये बोलते. बोटे काढल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरलेला असतो. त्यांचे मूल असेच ऐकत असते, तेही पंखा घरघरत असलेल्या, चाळीस मुलांच्या वर्गात.

अशा वेळी आधी हरवतात ते हलके आवाज. ‘स’, ‘फ’, ‘थ’, ‘ह’ यांसारखे. मराठीत तर अर्थाचा केवढा तरी भार शब्दाच्या शेपटावर असतो. ‘घरात’, ‘घराला’, ‘घराने’ यांतला फरक शेवटच्या, खालच्या पट्टीत उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरात आहे. ते अक्षर विरले की मुलाला ‘घर’ एवढेच कळते, बाकीचे ते अंदाजाने भरते. श्रुतलेखनात तेच अंदाज कागदावर उतरतात आणि लाल शाईने भरून परत येतात.

त्यातही सर्वांत घात करणारी गोष्ट म्हणजे हे श्रवण चढते-उतरते असते. सर्दी ओसरली की मूल बरे ऐकते, पावसाळ्यात आणि थंडीत पुन्हा कमी. त्यामुळे घरातली माणसे म्हणतात, ‘त्याला हवे ते बरोब्बर ऐकू येते, सोंग करतो नुसता.’ प्रगतिपुस्तकात शेरा येतो : ‘वर्गात लक्ष नाही.’ दुसरीतला एक मुलगा माझ्याकडे आला तो चिडका आणि मारकुटा म्हणून. वर्गातल्या मुलांनी एकमेकांना सांगितलेले त्याला कळत नसे, सगळे आपल्यालाच हसतात असे वाटून तो हात उगारायचा. दोन्ही पडद्यांमागे पाणी होते. अशा मुलाला खोडकर ठरवणे हा सरळ अन्याय आहे, आणि तो आपण मोठी माणसेच करतो.

अमेरिकेतील कानतज्ज्ञ डॉ. रिचर्ड रोझेनफेल्ड यांनी 1997 मध्ये पालकांसाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. शारीरिक त्रास, ऐकणे, बोलणे, मनाची अस्वस्थता, खेळण्या-वावरण्यावर आलेल्या मर्यादा आणि पालकांची चिंता, हे सहा विषय. मला तिचे मोल वाटते ते अशासाठी, की आम्ही डॉक्टर पडदा पाहतो आणि तिथेच थांबतो, ती मात्र मुलाचे दिवस कसे चालले आहेत हे विचारते. रात्री आडवे झाल्यावर कानातला दाब वाढून झोपमोड होते का? तोल जाऊन मूल वारंवार पडते का? मध्यकर्णातल्या पाण्याचा तोलावरही परिणाम होतो, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि आईची चिंता हा आजाराचाच भाग मानला आहे, हे फार योग्य वाटते. आजारी मुलापायी रोजंदारी बुडणाऱ्या आयांना मी रोज पाहते.

खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी कठीण. तिथे पडदा फुटून कान वर्षानुवर्षे वाहत राहतो. ‘मोठा झाला की आपोआप थांबेल’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते. कानाला वास येतो म्हणून शेजारी कोणी बसत नाही, विहिरीत पोहायला मनाई, मुलगी असेल तर लग्नाची काळजी आत्तापासून. कोमट तेल, लसणाची फोडणी, कोणाचा तरी काढा असे सगळे त्या फुटलेल्या पडद्यातून आत जाते. कृपा करून कानात काहीही घालू नका. काही मुलांमध्ये हा रोग हाड कुरतडत जातो, चेहऱ्याची नस आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. वाहणारा कान तपासून, कोरडा करून, गरज पडल्यास पडदा शस्त्रक्रियेने जोडता येतो.

उपचारांबाबत पालकांची घाई मी समजू शकते, पण नुसत्या पाण्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. तीन महिने वाट पाहायची, कारण बऱ्याच मुलांचे पाणी आपोआप जाते. नाहीच गेले तर श्रवणचाचणी करायची. श्रवण कमीच असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी 1954 मध्ये ही पद्धत रूढ केली. नळी हवा आत पोहोचवते आणि काही महिन्यांनी आपोआप गळून पडते. तोवर शिक्षकांनी मुलाला पहिल्या बाकावर बसवावे आणि त्याच्याकडे तोंड करून बोलावे. याला एक पैसाही लागत नाही.

टाळता येण्यासारखेही पुष्कळ आहे. पहिले सहा महिने अंगावरचे दूध द्या, बाटलीने पाजायचे असेल तर बाळाला आडवे ठेवून पाजू नका. घरात चुलीचा आणि बिडी-सिगारेटचा धूर नको. न्यूमोकोकस जंतूविरुद्धची लस आता सरकारी लसीकरणात सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, कानाचे आजार त्यांच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे, की ‘लक्ष नाही’ हा शेरा लिहिण्याआधी किंवा त्यावरून मुलाला रागावण्याआधी त्याचे कान एकदा तपासून घ्या. पडद्यामागे पाणी आहे का हे सांगणारी चाचणी काही मिनिटांत होते आणि ती अजिबात दुखत नाही.